बाळसं धरलेली बॅटरी

एका जंगलात रेंज फक्त सावरीच्या झाडाच्या शेंड्यावर यायची. तरी मोबाइल बिळाबिळात होते. मोठ्यांचं असंच असतं, मुलांनो. का म्हणून विचारायचं नसतं.

तिथे तेजू नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर. तेजू टेकडीपलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती. ती फार हुशार होती. ही गोष्ट तिनंच सगळ्यांना सांगितली होती. कुणी वडीलधारं बोलायला लागलं, की तिच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहायचे.

घरात तिचे आजोबा अप्पा होते, वहिनी होती आणि वहिनीची दोन नवी कोरी पिल्लं होती. अप्पांचा मोबाइल पिल्लांच्या उशाशी, वाळक्या गवतात असायचा. त्यावर अंगाई लागायची. बॅटरी फिरत्या कावळ्याकडून घेतलेली. तिच्यावर ना नाव, ना शिक्का.

एके दिवशी ती बॅटरी फुगली. मोबाइलचं झाकण बसेना. अप्पांनी रबर लावून ते बसवलं.

"अप्पा, बॅटरी फुगलीय!" तेजू किंचाळली.

"फुगली काय म्हणतेस? बाळसं धरलंय तिनं. तुझ्यासारखी काटकुळी हवी होती का?"

"अहो, तिच्यात गॅस झालाय!"

"मग ओवा दे चिमूटभर."

आणि नजर लागू नये म्हणून अप्पांनी मोबाइलला काजळाची तीट लावली.

आता मोबाइल उचलून बाहेर ठेवणं काही अवघड नव्हतं. पण तेजू शिकलेली होती. ती थेट सरपंच अस्वलरावांच्या सभेत गेली.

"नियम हवा," ती म्हणाली. "प्रत्येक बॅटरी तापवून, आपटून, दाबून, टोचून बघायची. तरीही पेटली नाही, तरच शिक्का. बिनशिक्क्याची जंगलात विकायची नाही."

"बरोबर आहे," अस्वलराव म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीच विरोध केला नाही. तेजूची जरा निराशाच झाली. तिनं घरून मोठं भाषण तयार करून आणलं होतं.

मग तिनं पदरचं एक कलम जोडलं. "आणि घरातली जुनी बॅटरी तपासनीस येईपर्यंत जागची हलवायची नाही. नाहीतर लोक पुरावा दडवतात."

"लोक म्हणजे कोण गं?"

"आमचे अप्पा."

तेही मंजूर झालं. तपासनीस म्हणून कासवाची नेमणूक झाली. ते लगेच निघालं.

वाट बघता बघता बॅटरीनं आणखी बाळसं धरलं. रबर तुटला. एका दुपारी वहिनी म्हणाली, "वन्सं, ही बाहेर वाळूत ठेवू का? हात लावला की चटका बसतोय."

"अजिबात नाही. कासव यायचंय."

"पण पोरं शेजारीच आहेत हो."

"म्हणून तर प्रकरण गंभीर आहे!"

"मग पोरांना तरी हलवते."

"आणि मग कासवाला धोका दिसणार कसा?"

इतक्यात अप्पा आले. त्यांनी मोबाइलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "तेजू, ठेवू दे तिला बाहेर. मलाही आज हिचं लक्षण ठीक दिसत नाही."

खरं तर इथे तेजू जिंकली होती, मुलांनो. पण हे असं जिंकणं तिला चालणार नव्हतं.

"आता?" ती म्हणाली. "आता पटलं तुम्हाला? तेव्हा ओवा देत होता ना? मग आता माघार घ्यायची नाही, अप्पा!"

"अगं, चूक झाली म्हणतोय ना मी!"

"असं बिळात नाही. कासवासमोर म्हणायचं!"

अप्पा मोबाइल उचलायला पुढे झाले. तेजू आडवी आली. अप्पांकडे तोंड आणि मोबाइलकडे पाठ करून ती उभी राहिली.

"बाजूला हो, कार्टे!"

कार्टे! कॉलेजात शिकलेल्या मुलीला कार्टे! तेजूचे सगळे काटे एकदम ताठ उभे राहिले.

मागे खच्च असा आवाज आला. मग फुस्स झालं. मग गवतानं पेट घेतला.

"बघा!" तेजू ओरडली. तिचा चेहरा आनंदानं उजळला होता. काही अंशी तो आगीचा उजेडही असेल. "मी सांगत होते की नाही? लिथियम म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुम्हाला? पण या घरात माझं ऐकतंय कोण!"

आणि काय सांगू, त्या दिवशी अप्पांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. वहिनीनंही उलट उत्तर दिलं नाही. दोघांच्या तोंडात एकेक पिल्लू होतं, आणि ते बिळाच्या दाराकडे धावत होते.

तात्पर्य : घरात धोका दिसला, तर तो मुकाट्यानं उचलून बाहेर ठेवू नये. त्यानं घर तेवढं वाचतं. आपलं बरोबर होतं, हे कुणाला कळत नाही.