ईथरचं भाडं

भोईर सरांसमोर 'रिकामं' हा शब्द काढायची सोय नव्हती. धसईच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. माझा तास रिकामा आहे असं सहज म्हटलं तरी ते वहीतून मान वर काढायचे. "रिकामं काय नाय या जगात. ईथर आहे."

ईथर म्हणजे, त्यांच्या मते, सगळीकडे गच्च भरलेलं, न दिसणारं काहीतरी. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मुरबाडच्या जीपमध्ये चौघांच्या बाकावर पाचवा कोंबताना ड्रायव्हर विनू म्हणायचा, "सर, सरका जरा, जागा रिकामी हाय."

सर सरकायचे, पण बजावायचे, "रिकामी नाय रे. ईथर बसलाय."

"मंग त्याचं भाडं कोन देनार?"

सगळी जीप हसायची. सरही हसायचे.

या वेडाचं मूळ प्रयोगशाळेत होतं. काचेच्या हंडीत विजेची घंटा वाजत ठेवायची आणि पंपानं आतली हवा काढायची. आवाज बंद होतो. पुस्तकातला धडा इथं संपे, सरांचा सुरू होई. आवाज गेला, पण घंटा दिसतेय ना? मग उजेड कशावर बसून बाहेर आला? मुलं परीक्षेत हेच लिहून मार्क घालवू लागली, तेव्हा मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून समज दिली. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, प्रकाशाला माध्यम लागत नाही, असं परीक्षेपुरतं लिहा.

पुढची कल्पना तर अफाट होती. ईथर म्हणजे न संपणारा दोरा. त्याला कुठंतरी आपसूक गाठ बसली, तेच पहिलं द्रव्य. गाठ जितकी घट्ट, तितकं वस्तुमान जास्त. दगड गाठींचा, माणूसही गाठींचा. मुख्याध्यापकांच्या गाठी तेवढ्या ढिल्या, असं ते हळूच सांगायचे.

हे सगळं मन लावून ऐकणारं माणूस एकच होतं, सरांची बायको, आमच्या वहिनी. तांदूळ निवडता निवडता त्या मधेच विचारायच्या, "मग कापूस हलका कसा? तिथं तुमच्या ईथराला गाठ मारायचा कंटाळा आला होय?" सर खूश व्हायचे. शनिवारी दोघं मुरबाडला जायची, तेव्हा जीपमध्येही हेच. वहिनी खिडकीशी, सर त्यांच्या शेजारी.

एकदा माझ्यासमोरच वहिनींनी विचारलं, "सगळ्या गाठीच, तर सुटल्यावर दोरा जातो कुठं?"

सर म्हणाले, "थांब, सांगतो."

त्याच थंडीत वहिनी तापानं गेल्या.

मग सर संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागले. मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर ऐकत नव्हतो. बातम्यांची वेळ टळू नये, एवढंच मनात असे. एकदा ते बोलता बोलता थांबले, तशी मी सवयीनं म्हणालो, "बरोबर आहे, सर."

"बरोबर काय? मी विचारलंय तुमाला. दोरा जातो कुठं?"

उत्तराची त्यांना गरज नव्हती. त्यांच्याशी कोणी भांडायला हवं होतं. आणि मी विचारलं, चहा घेणार का? ते चपला घालून गेले. नंतर त्यांचं येणं थांबलं.

पुढच्या एका शनिवारी जीप भरली होती. मी मागच्या फळीवर लटकलो होतो. मधल्या बाकावर सर होते, खिडकीकडची जागा सोडून अंग चोरून बसलेले. भाजीची टोपली घेतलेली एक बाई चढायला आली. विनू म्हणाला, "सर, सरका. रिकामी हाय ना ती?"

दोघंतिघं हसायच्या तयारीत वळले. मीही वाट पाहत होतो.

खिशात हात घालून सरांनी दोन माणसांचं भाडं विनूच्या हातावर ठेवलं.

विनूनं पैशांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. अर्धे पैसे त्यानं सरांच्या खिशात परत सरकवले, बाईची टोपली उचलली आणि तिला पुढं, स्वतःच्या शेजारी बसवलं. मुरबाड येईपर्यंत आम्ही चौघं मागं लटकलेलो होतो. त्या जागेवर कोणी बसलं नाही.