वारं कुनीकडनं हाय?

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणसं आधी पंगत बघतात. परशरामअण्णा वाकून चिमूटभर माती उचलतात, हात वर करून सोडतात आणि ती कुठं उडते ते बघतात. मग वारं येतंय त्या बाजूला, बाहेरच्या वाटेजवळची खुर्ची धरतात. एकदा नवरीच्या बापाला वाटलं, पाहुणा करणी करतोय. त्याची समजूत काढता काढता माझी जिलेबी गेली.

अण्णा आमच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सेफ्टी सुपरवायझर. मी तिथंच हिशेबाला. रोज सकाळी टिळकवाडीतून गाडी मारत उचगावच्या रस्त्यानं गेटावर पोचलो की अण्णा आडवे येतात, "सायेब, वारं कुनीकडनं हाय?" उत्तर दिल्याशिवाय आत सोडत नाहीत.

बटाटे थंड ठेवायला आमच्याकडं नळ्यांतून अमोनिया फिरतो. नळीत आहे तोवर गुणाचा. बाहेर आला की डोळे, घसा, छाती, काही सोडत नाही. अशा वेळी वारं न बघता पळणारा माणूस नेमका त्याच्याच तोंडी जातो. अण्णा खळ्यावर धान्य वाऱ्याला देत वाढलेले. ते सगळ्यांना एवढंच सांगतात, "भुसकाट उडतंय तिकडं हुबं ऱ्हायचं न्हाय."

छपरावरची वारं दाखवणारी पिशवी वळवाच्या पावसात फाटली, तेव्हा त्यांनी बायकोच्या जुन्या शहापुरी साडीचा पदर आणून काठीला बांधला. नवी पिशवी आली. ती अजून गोदामात पडून आहे.

दर महिन्याला ड्रिल होतं. सायरन वाजला की हमालांपासून मॅनेजरांपर्यंत सगळ्यांनी नाकाला ओला टॉवेल लावायचा, छपरावरचा पदर बघायचा आणि वारं असेल तसं चिंचेखाली नाहीतर मारुतीच्या कट्ट्यावर जमायचं. अण्णा सगळ्यांच्या मागून बाहेर येणार आणि डोकी मोजणार. शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यासुद्धा त्यांनी तयार केल्या होत्या.

चुकायचं एकच माणूस, ते म्हणजे पार्वतीवहिनी, अण्णांची बायको. घर रस्त्यापलीकडंच. सायरन झाला की पदर खोचून त्या थेट गेटावर हजर, वारं कुठलं का असेना.

"अगं, सगळ्या गावाला शिकिवलं, तुलाच शिकवाय जमंना व्हय मला?" अण्णा तडकायचे.

"तुमी सगळ्यांच्या मागनं भाईर येता," वहिनी म्हणायच्या, "मग मी चिंचंखाली थांबून कुनाची वाट बघू?"

अण्णा पुन्हा पहिल्यापासून डोकी मोजायला लागायचे.

मग एका दुपारी सायरन वाजला, आणि ते ड्रिल नव्हतं. एक व्हॉल्व्ह गळत होता. मास्क घातलेल्या ऑपरेटरनी तो बंद केला, पण वास भरून राहिला होता. आम्ही सगळे कट्ट्यावर पोचलो. छपरावरचा पदर गेटाच्या दिशेनं ताठ उडत होता. शेवटी अण्णा आले, डोकी मोजू लागले आणि मधेच थांबले. गेटावर वहिनी उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून खोकत.

जन्मभर आम्हाला वारं शिकवणारा तो माणूस, भुसकाट उडालं असतं नेमका त्याच दिशेला धावत सुटला. स्वतःच्या नाकावरचा ओला टॉवेल काढून त्यांनी वहिनींच्या तोंडावर दाबला आणि हाताला धरून त्यांना बाजूला काढलं. मला त्या क्षणी अण्णांचा फार अभिमान वाटला, आणि भीतीही तितकीच वाटली. दोघंही सुखरूप राहिले. अण्णांचे डोळे मात्र पुढं बरेच दिवस भरून यायचे. "ग्यासनं हुतंय," ते सांगायचे.

त्यानंतर त्यांनी वहिनींना समजावणं सोडलं. सरळ काम लावून दिलं. "छपरावर तुझाच पदर हाय. त्यो बघायचा आनि वारं येतंय त्या अंगाला जाऊन थांबायचं. तू दिसल्याबिगर मी मोजाय सुरू करनार न्हाय. सगळी मानसं खोळंबतील, बघ."

आता ड्रिलला वहिनी सगळ्यांच्या आधी पोचतात. अण्णा शेवटी येतात, त्यांच्यासमोर उभे राहतात आणि हळूच म्हणतात, "एक." मग आम्ही बाकीचे.

परवा मॅनेजर मला म्हणाले, "तुम्ही हिशेबाचे ना? मग अण्णांच्या मोजणीत दर वेळी हजेरीपेक्षा एक माणूस जास्त कसा?"

"जास्त नाही, साहेब," मी म्हटलं, "तिथूनच सुरुवात आहे."