लवकीकडे वाकडं बोट

मुलांनो, जरा असं समजा, की चुलीवर वरणाची फोडणी तडतडते आहे आणि तुमची आजी अंगणातून सांबाराच्या चार काड्या तोडायला निघाली आहे. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. एवढ्यात आजोबा दारात आडवे उभे राहून म्हणतात, "थांबा. आधी नोंद." काय होईल? फोडणी करपेल! पिपरी मेघेतल्या बबनरावांच्या घरी ती रोज करपत होती.

साल ब्याऐंशी. बबनराव वर्ध्याच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या टेबलावरची टाचणीसुद्धा नोंद झाल्याशिवाय हलत नसे. आता टाचण्या राहिल्या नव्हत्या. मागच्या अंगणात वांगी होती, मिरच्या होत्या, सांबार, गवती चहा आणि मांडवावर लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, वेल होता. बबनरावांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली, वर ठसठशीत अक्षरात 'परसबाग दैनंदिनी' लिहिलं आणि जाहीर केलं, "यापुढं या घरात भाजी विकत आणा लागली, त मी नाव बदलवीन."

पहिल्याच आठवड्यात भाजी विकत आणावी लागली. अंगणातलं वांगं तोडायचं म्हणजे आधी रंग, मग लांबी, मग कीड, मग शेरा. त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईनं, सरळ बाजाराची पिशवी उचलली.

"बाजारातलं वांगं मुकाट्यानं शिजते," ती म्हणाली.

लवकीच्या वेलाजवळ मात्र तिला ती वही मुळीच नको होती. त्या वेलाचं बी तिच्या माहेरचं, सेलूचं. यंदा तिकडचे सगळे वेल जळाले होते आणि भाऊ किसनराव दिवाळीला बी न्यायला येणार होता. हा एकच वेल उरला होता. इथं बी धरलं नाही, तर आईच्या हातची ती लवकी कायमची संपणार होती.

आपल्याकडे म्हणतात, कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवलं की ते सडतं. दाखवायचंच असेल तर बोट वाकडं करायचं. बबनरावांना हे पटत नव्हतं. त्यांनी पहिल्या लवकीकडे खुशाल बोट दाखवून मोजमाप केलं. ती सडली. दुसरी मोजली, तीही सडली. बबनरावांनी शेरा लिहिला, 'फळमाशी.' आनंदाबाईचा शेरा वेगळा होता, आणि तो वहीत लिहिण्यासारखा नव्हता.

दोन्ही सडक्या लवक्या खड्ड्यात पुरताना नात कोकिळा तिथंच उभी होती. पोर सात वर्षांची. बोटाचा धडा तिनं तेव्हाच पक्का केला.

तिसरी लवकी बियाण्याला राखली. ती चांगली थोराड झाली, तेव्हा आनंदाबाईनं तिला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला, शेजारी फाटकी चप्पल टांगली आणि बजावलं, "आता इच्याकडं कोनी पाहाचंबी नाई."

वहीतला लवकीचा रकाना रिकामा पडला. बबनरावांना तो रिकामा रकाना पडलेल्या दातासारखा सलू लागला. शेवटी एका दुपारी, आनंदाबाई झोपलेली पाहून, ते टेप घेऊन स्टुलावर चढले. स्टूल कोकिळेनं धरलं. लुगडं सोडलं, टेप लावला, आकडा वाचायला मान वाकवली, तसा चष्मा घसरला. चष्मा धरायला गेले, तर स्टूल डगमगलं. बबनरावांनी हाताला लागेल ते घट्ट धरलं.

हाताला लवकी लागली.

कट्ट! चष्मा वाचला, स्टूल वाचलं, आणि लवकी देठासकट त्यांच्या हातात आली.

"काई झालं नाई," ते कोकिळेला म्हणाले. मग त्यांनी सुतळीनं देठ वेलाला बांधला, वर लुगडं होतं तसं गुंडाळलं आणि वहीत लिहिलं, 'प्रगती समाधानकारक.' कचेरीत कोरड्या विहिरीच्या फायलीवरही ते हेच लिहीत.

पण एकदा प्रगती लिहिली, की दुसऱ्या दिवशी ती वाढवावी लागते. बबनराव रोज सकाळी लवकीकडे न बघता तिची लांबी वाढवत गेले. मनातून धास्ती अशी, की बी कोवळं असेल, तर बायकोला तोंड कसं दाखवायचं? जेवण गोड लागेना. दिवाळी आली तोवर वहीतली लवकी कोकिळेच्या खांद्याला लागली होती.

किसनराव आला. चहा पिता पिता त्यानं सहज वही उघडली आणि बशी खाली ठेवली.

"भाऊजी, हे लवकी हाय का लाइटीचा खांब? मी त पिशवी आणली. बैलबंडी आणा लागत होती."

सगळे मांडवाखाली गेले. कुंपणापलीकडून शेजारच्या प्रमिलाबाईही डोकावल्या. आनंदाबाईनं लुगडं सोडलं. आत होती तेवढीच लवकी, वाळून खडखडीत, आणि देठाला सुतळीची गाठ.

"माकड असन," बबनराव म्हणाले.

"माकड सुतळी बांधते?" आनंदाबाईनं विचारलं.

बबनरावांची नजर कुंपणाकडे वळली. कोणी सरळ बोट दाखवलं असेल, असं ते पुटपुटले.

प्रमिलाबाई भडकल्या. "मी त मूठ बांधूनच पाह्यते तुमच्या लवकीकडं!"

आता भांडण पेटणार, इतक्यात किसनरावानं लवकी कानाशी धरून हलवली. खुळखुळ आवाज आला. त्यानं पुन्हा हलवली आणि बहिणीकडे वळला.

"बाई, तुटली तवाच जून झाली होती थे. बी वाचलं."

आनंदाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग कोकिळेला समोर उभं केलं.

"सांग माय. कोनं तोडली?"

बबनरावांनी कोकिळेकडे बघून हळूच मान हलवली. पूर्वी एवढ्यावर अख्खी कचेरी गप्प होत असे.

कोकिळेनं हात उचलला. बोट सरळ केलं. आजोबांकडे पाहिलं, आणि तिला पुरलेल्या दोन लवक्या आठवल्या. तिनं पटकन बोट मुडपलं, अगदी आकड्यासारखं वाकडं केलं, आणि मग ते वाकडं बोट जपून आजोबांकडे दाखवलं.