सात रोपांची मोजणी

"मॅडम, हारगुच्छांची चिंता आपण मुळीच करू नये. एकतीस जानेवारीला आमच्या अंगणात किमान चाळीस गुलाब उमललेले असतील!"

पत्नी पद्माबाई यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम ठरवायला जमलेल्या अंगणवाडीच्या बायकांसमोर नरसिंगरावांनी ऑक्टोबरातच हे जाहीर करून टाकले. आयुष्यभर भूमापक म्हणून लोकांचे बांध मोजलेला माणूस. सुपरवायझर शीतल मॅडमनी आकड्यावर विश्वास ठेवला आणि फुलांचा विषय यादीतून काढून टाकला. एकतीस वर्षे गावची लेकरे सांभाळलेल्या बाईला निरोपाच्या दिवशी एक तरी फूल मिळणार की नाही, हे आता बाळापूरच्या बाजारातून आणलेल्या सात कलमी रोपांवर अवलंबून होते.

महिन्याभरात प्रत्येक रोपाच्या बुडातून एकेक सणसणीत फांदी निघाली. वरची मूळ फांदी मात्र लग्नघरी न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी अंग चोरून उभी. नरसिंगरावांनी टेप लावला. नवी फांदी दोन फूट तीन इंच. जुनी सात इंच. निर्णय उघड होता!

"अहो, ही गळफांदी हाय," दिवसभर लेकरांची वजने घेऊन दमलेल्या पद्माबाई ओट्यावर टेकत म्हणाल्या. "कापसाला बी बुडातून अशीच माजलेली फांदी येते. सगळा रस तीच पिऊन टाकते. माहेरी आमी मोडून टाकत होतो."

"अगं, गुलाब म्हणजे कापूस नव्हे! कापूस हे पीक, गुलाब ही शोभा. दोहोंचे शास्त्र एक कसे असेल?"

"शास्त्राचं न्हाई, झाडाचं सांगून राहिले मी."

"पुरावा?"

पद्माबाईंनी पुरावा दिला नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात पुरावे देऊन देऊन त्या थकल्या होत्या. त्या भाकरी थापायला उठल्या आणि नरसिंगरावांनी सातही रोपांच्या जुन्या फांद्या अर्ध्या बोटावर आणून ठेवल्या.

जानेवारीत नव्या फांद्या भिंतीवरून रस्त्यात डोकावू लागल्या. येणारेजाणारे थबकत, वाहवा करत. कळी मात्र एकही नाही! पंचवीस तारखेला नरसिंगरावांनी रोपे विकणाऱ्या वसरामला फोन लावला.

"एका देठाला पानं किती हायेत, साहेब?"

"सात. मोजली आहेत."

"आन् फांदी बुडातून आलेली?"

"थेट बुडातून! अत्यंत जोमदार!"

"साहेब, ते जंगली खुंट हाय. त्याच्यावर आमी गुलाबाचं कलम बांधतो. वरचं कलम कुठंय?"

"छाटले."

"काहून?"

नरसिंगरावांनी फोन ठेवला आणि घरात अवाक्षर काढले नाही. एकतीसला पहाटेच्या जीपने बाळापूर गाठायचे, चाळीस गुलाब आणायचे आणि ते अंगणातलेच म्हणून सांगायचे, असा त्यांचा निश्चय झाला. परंतु त्या दिवशी लग्नाची दाट तिथी! सारे गुलाब नवरदेवांच्या गाड्यांवर चढलेले. हाती लागला शेवंतीचा एक हार, तोही एका बाजूने कोमेजलेला.

इकडे अंगणवाडीची मदतनीस मंजुळाबाई ठरल्याप्रमाणे फुले न्यायला आली. फूल दिसेना. "हिरवळ काय कमी हाय?" असे स्वतःशीच म्हणत तिने विळ्याने सातही फांद्या बुडापासून कापल्या आणि अंगणवाडीच्या दारावर त्यांची देखणी कमान बांधली.

अकरा वाजता नरसिंगराव पोहोचले तेव्हा कार्यक्रम दारातच अडला होता! शीतल मॅडमचा पदर कमानीत अडकलेला. तो सोडवायला गेलेल्या सरपंचांची बाही अडकलेली. सरपंचांना ओढायला गेलेल्या मंजुळाबाईचा अंबाडा काट्यांनी पकडलेला. आणि सत्कारमूर्ती पद्माबाई लेकरांची चित्रकलेची कात्री घेऊन एकेकाला मोकळे करत होत्या.

"हलू नका मॅडम, हललं की जास्त रुतते. सरपंच, तुमी श्वास रोखा. मंजुळा, वरडू नको, लेकरं भेत्यात!"

घामाघूम नरसिंगरावांनी हार पुढे केला. पद्माबाईंनी मान वाकवली, पण हात कामातच राहिले. निरोपाची सगळी भाषणे पाहुण्यांनी अडकल्या जागेवरून केली.

फेब्रुवारीत एका छाटलेल्या कलमाच्या उरलेल्या थोटकावर, माजलेली फांदी गेल्यामुळे असेल, तांबूस कोंब फुटला. मार्चच्या अखेरीस त्यावर एक गुलाब उमलला. नरसिंगराव तत्काळ कात्री घेऊन निघाले.

"ठेवा ती कात्री!" ओट्यावर चहा पीत बसलेल्या पद्माबाई कडाडल्या.

"अगं, तुलाच द्यायला..."

"मला हितून बराबर दिसून राहिलंय."

"मग मी काय करू?"

"काईच करू नका. जमंल का तेवढं?"

नरसिंगरावांनी मनाशी प्रामाणिक विचार केला. त्यांना छातीठोक सांगता येईना.