कपाटातलं निळं ताट

“भांडं म्हणायचं नाही म्हणे. नमुना म्हणायचं. आणि नमुन्याला पाणी लावायचं नाही,” चुलीवर शिजणाऱ्या रवाळ कुसकुसच्या वाफेत तोंड घालून बतूल पुटपुटत होती. “मग मी वाढू कशात? ओंजळीत?”

टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून तिचा नवरा सी थामी जुन्या मातीच्या भांड्यांच्या नादाला लागला होता. फेस शहरातल्या हौशी मंडळींत बसून तो रोज नवा शब्द घेऊन येई. झिलईवरच्या बारीक भेगा म्हणजे ‘जाळी’. आरपार न गेलेली चीर म्हणजे ‘केसतडा’. बुडाची गोल, कोरी कड म्हणजे ‘पाय’, आणि भांड्याचं वय पायावरून ओळखायचं. घरातलं मोठं निळं ताट त्यानं पणजीच्या नावावर चढवून काचेच्या कपाटात ठेवलं होतं. आज दुपारनंतर त्या मंडळींतले जाणकार हाजी मक्की ते पाहायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की ताट प्रदर्शनात.

पणजीचा आणि त्या ताटाचा काडीचा संबंध नव्हता. लग्न झाल्यावर दोघांनीच ते कुंभाराशी हुज्जत घालून आणलं होतं. तो विसरला असेल, असं बतूलनं धरलं होतं. माणूस इतका खुशीत असताना कोण बोलणार?

पण शुक्रवार होता, मशिदीच्या दारी दानाचा कुसकुस पाठवायचा होता आणि परात शेजारणीनं बारशाला नेलेली. थामी हमामात अंघोळीला गेला होता. बतूलनं कपाट उघडलं. लोक जेवतील, ताट धुऊन पुन्हा जागेवर. कोणाला पत्ता लागतोय?

नमाज सुटल्यावर ती ताट आणायला गेली, तर मशिदीच्या दारात ताटाभोवती चौघं बसलेले. त्यांत रखवालदार बा लहसन, नमाजाला म्हणून लवकर आलेले हाजी मक्की, आणि त्यांना खेटून तिचा नवरा. दान दिलेलं अन्न मागे ओढायचं कसं? म्हणून थामी ताटाची राखण करत जेवत होता.

“हाजी, चमचा राहू द्या. हातानं चव लागते,” असं म्हणत तो एकीकडे केसतड्यावर भोपळ्याच्या फोडी सारत होता.

“सी थामी, भोपळ्यावर एवढा पहारा कशाला?” लहसन म्हणाला. “पळून जाणार आहे का तो?”

भोपळा संपला. हाजींनी ताट पुसलं, पालथं केलं, पायावरून बोट फिरवलं आणि थामीकडे पाहिलं.

“हेच का ते?”

थामीनं मान डोलावली.

“जाळी सुरेख आहे,” हाजी म्हणाले. मग खाकरले. “केसतडाही… नीटनेटका आहे. पायाचं बोलू सावकाश.”

बतूलला कळायचं ते कळलं. कुसकुस बिघडला की पाहुणे ताकाची तारीफ करतात, त्यातलीच ही गत. ती लगबगीनं पुढं झाली. “चूक माझी, हाजी. घाईत मीच दुसरं ताट…”

“राहू दे, बतूल,” थामी म्हणाला. “पणजीचं नाही ते, हाजी. लग्नानंतर आम्हीच घेतलेलं.”

बतूल त्याच्याकडे वळली. “म्हणजे तुम्हाला आठवत होतं?”

“न आठवायला काय झालं? पोरं परदेशी गेली, आणि आपल्या दोघांपुढं हे फार मोठं दिसायला लागलं गं. उरलेला कुसकुस बघवेना, म्हणून कपाटात घातलं.” त्यानं ताट सुलटं करून तिच्या हातात दिलं. “आज बघ, बूड दिसेपर्यंत संपलं.”