फेगडे नानांचं भाजणयंत्र

आमचे शेजारी फेगडे नाना रोज सकाळी साडेसहा वाजता गॅसच्या शेगडीला शिव्या घालतात. शेगडीला म्हणजे शेगडीलाच. दूधवाला, पेपरवाला आणि मी, आमची पाळी सातनंतर येते. "जळ ना नीट! कायले फुरफुर करते? बॉयलर चालवेल माणूस आहे मी, तुह्यासारख्या छप्पन्न पाहिल्या!" हे कानावर पडलं की आमच्या कॉलनीत लोक घड्याळं लावून घेतात. अख्ख्या जळगावात एवढं वेळेवर दुसरं काही होत नाही.

नाना मूळचे यावलकडचे, घरची केळीची बाग. पण उमेदीची वर्षं गेली दीपनगरला, वीजकेंद्राच्या बॉयलरवर. निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात, नाना आग घेऊन आले. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. नाना पेटले की अक्का मेथी निवडता निवडता, मान वर न करता एवढंच विचारतात, "आज किती किलो?" म्हणजे दाब किती. दहा किलोला आमच्या मांडणीवरची ताटं वाजतात. पंधराला भिंतीचे पोपडे पडतात. एकदा वीस किलो झाले तेव्हा कोपऱ्यावर उभी असलेली रिक्षा आपोआप सुरू झाली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी धुळ्याकडचा, पिंपळनेरचा. त्यामुळे नानांच्या लेखी मी कच्चा माल. "तुमच्या धुळ्याकडे डोक्याचं काम कमी," असं ते मला पाहुण्यांसमोर सांगतात आणि वर माझ्याच घरचा चहा पितात. माझी बायको भिंतीआडून म्हणते, "बठ्ठा तमाशाच शे!" म्हणजे सगळा तमाशाच आहे. तेवढ्यावर आमचं भागतं.

तर, या नानांनी कॉफी भाजायचं यंत्र केलं. कॉफी! आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुणा फारच मोठा असला तर जायफळ घालून केलेलं तपकिरी दूध. ती कशावर उगवते, कशी भाजतात, याची पंचाईत खानदेशात कुणाच्या बापजाद्यांनी केली नव्हती. नानांवर ती वेळ आली व्याह्यामुळे.

नानांचा मुलगा मिलिंद बंगळुरूला असतो. त्यानं तिकडच्याच चैत्रा नावाच्या मुलीशी लग्न केलं. चैत्राच्या वडिलांची चिकमगळूरकडे डोंगरात थोडी कॉफीची झाडं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात त्यांनी मोठ्या प्रेमानं नानांना एक पिशवी पाठवली. सोबत चिठ्ठी होती, ती कानडीत. आत दाणे. हिरवट, राखाडी, टणक.

"वाल आहेत," नानांनी निकाल दिला.

अक्का म्हणाल्या, "वाल असे नसतात."

"तिकडचे असे असतीन. भिजत घाल."

अक्कांनी भिजत घातले. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या. दाणे तसेच. अकरा झाल्या. नानांनी खुर्ची घेऊन कुकरसमोर बैठक मारली, बॉयलरवर मारायचे तशी. एकविसाव्या शिट्टीला कुकर आणि नाना दोघंही थकले. मग त्या खड्यांवर काळ्या मसाल्याचा रस्सा पडला, वर कोथिंबीर पडली, आणि पहिल्याच घासाला नानांची दाढ पडली.

हातात दाढ धरून नानांनी व्याह्याला फोन लावला. व्याह्याला मराठी येत नाही, नानांना कानडी येत नाही. पण राग ही एक भाषा दोघांनाही मातृभाषेसारखी. "सडका माल पाठवतोस? आम्ही काय भिकारी आहोत?" नाना इकडून, आणि तिकडून गोट्यांची पोती उलटी केल्यासारखं काहीतरी. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळलं नाही आणि सगळं समजलं.

संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. "बाबा, ती कॉफी होती. बागेतला सगळ्यात चांगला माल त्यांनी हातानं निवडून पाठवला होता. चैत्रा सकाळपासून रडतेय. तुम्ही तिच्या वडिलांची माफी मागा. तोवर आम्ही घरी येणार नाही."

माफी! हा पार्ट नानांच्या यंत्रात मुळात बसवलेलाच नव्हता. वर्ष गेलं. मिलिंद आला नाही, चैत्रा आली नाही. पिशवी मात्र आली. पुढच्या हंगामात पुन्हा तसलीच, तेवढीच, या खेपेला चिठ्ठीशिवाय.

"मले चिडवतो!" नाना कडाडले. आमची ताटं वाजली. "थांब, असा भाजतो, अशी कॉफी करतो, की पिऊन बोलती बंद झाली पाहिजे त्याची! मग पाहू कशी नाही येत पोरगी!"

आणि मोहीम सुरू झाली. आधी कढई. निम्मे दाणे कोळसा, निम्मे कच्चे, धूर एवढा की तिसऱ्या गल्लीतले लोक बादल्या घेऊन धावले. मग नानांना आपल्या खानदेशाची आठवण झाली. वांग्याचं भरीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजावं हा आमच्याकडे धर्म आहे. गॅसवर भाजणाऱ्याच्या घरी कुणी मुलगी देत नाही. "जे वांग्याले चांगलं ते कॉफीले वाईट कसं?" म्हणून नानांनी अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या. तो वास सुटताच कॉलनी ताटल्या, कांद्याची पात आणि कळण्याच्या भाकरी घेऊन फाटकाशी हजर. "कॉफी आहे ही! निघा!" नाना ओरडत होते. कुणाचा विश्वास बसेना. त्या दिवशीची कॉफी मी प्यालो. मिठाशिवायचं भरीत गाळून प्यावं, तशी लागली.

तिसरा अवतार म्हणजे कुकरच्या तळाला मिक्सरची मोटर. बटण दाबलं आणि दाणे गोळीबारासारखे सुटले. आमच्या खिडकीच्या दोन काचा गेल्या. एक दाणा यावलच्या एसटीत बसून गेला असं कंडक्टर सांगत होता.

"मोटर हळू पाहिजे," नाना माझ्याकडे बघत म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर आमच्या कूलरच्या झडपा हलेनात. झडपा हलवणारी ती छोटी, सावकाश फिरणारी मोटर गायब. महिना मे! जळगावच्या मेमध्ये माणसाची किडनी काढून नेली तर तो एकवेळ पोलिसात जाणार नाही, पण कूलर? मी तरातरा गेलो. नानांच्या ओट्यावर अक्कांचा पिठाचा डबा आडवा, त्याला भोकं पाडलेली, मधून सायकलचा आस, आत अक्कांच्या नव्या झाऱ्याचे तुकडे दाणे उलथण्यासाठी जोडलेले, खाली शेगडी, आणि टोकाला माझी मोटर. शेजारी दाणे झटकन गार करायला माझ्याच बायकोचा हेअर ड्रायर.

"नाना, ही चोरी आहे!"

"चूप! ऐक."

डबा कुरकुरत फिरत होता. मग आतून लाह्या फुटल्यासारखी तडतड आली. नानांनी एक बोट वर केलं. मी थर्मामीटर लावा म्हणालो तर म्हणाले, "तो डॉक्टरले लागतो. आग कानानं पाह्यची असते." आणि खरं सांगतो, त्या दिवशी जो वास सुटला, त्यानं मी मोटर परत मागायला विसरलो. सबंध उन्हाळा मी आणि माझी बायको घामानं विरघळत राहिलो आणि भिंतीपलीकडून एकाच ओळीचा रतीब ऐकत राहिलो, "अजून नाही. अजून नाही जमलं."

मग एके दिवशी चैत्रानं अक्कांना फोन केला. लग्नानंतर मराठी शिकली होती, अगदी पुस्तकातलं. वडिलांना मात्र अप्पाच म्हणायची. "आई, मी अप्पांना घेऊन येते आहे. ते नाही म्हणत होते, मी हट्ट केला. एकच दिवस. पण या वेळी काही बिनसलं, तर मी पुन्हा त्यांना आग्रह करू शकणार नाही. आणि त्यांना सोडून मीही येणार नाही."

ते ऐकून नाना दिवसभर कुणावरही ओरडले नाहीत. कॉलनीत दोन घरी डॉक्टर बोलावायचं चाललं होतं.

चौघं ठरल्या दिवशी सकाळी दहाला बसले. नाना, अक्का, चैत्रा आणि तिचे अप्पा. मिलिंदला सुट्टी मिळाली नव्हती. पाचवा मी, माझ्या मोटरचा पालक म्हणून. अप्पा म्हणजे उंच, काळेसावळे, खांद्यावर पंचा, चेहरा नानांच्याच साच्यातला, बंद केलेल्या लोखंडी दारासारखा. नानांनी डब्यात दाणे टाकले, बटण दाबलं, शेगडी पेटवली.

नेमके त्या दिवशी त्यांनी जास्त दाणे टाकले. पाहुण्यांना कमी पडू नये म्हणून. डबा दहा मिनिटं फिरला, पहिली तडतड झाली, आणि मोटरनं मान टाकली. डबा थांबला. खाली आग. एका बाजूनं धूर यायला लागला.

"अरे फिर! फिर ना, मरतुकडे!" नानांचा आवाज चिरकला. त्यांना इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अप्पा उठले. खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला आणि तापलेल्या आसाला धरून डबा सरळ हातानं फिरवायला लागले. नाना शेगडीची कळ धरून खाली बसले. "हळू! हळू फिरवा, राजे हो!" तिकडून कानडीत काहीतरी खेकसणं. "मले नका शिकवू, आग माह्याकडे आहे!" पुन्हा कानडी खेकसणं. असं ते पाच मिनिटं एकमेकांच्या अंगावर ओरडत राहिले आणि डबा एकदाही थांबला नाही.

अक्कांनी दाणे मिक्सरला लावले, कॉफी उकळली, फडक्यानं गाळली. अप्पांनी पेला नाकाशी धरला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेल्यात बघत चैत्राशी हळू आवाजात बोलले.

"अप्पा म्हणतात," चैत्रा म्हणाली, "चाळीस वर्षं ही झाडं जोपासली, पण हा दाणा घरात कधी भाजला नाही. चांगला सगळा व्यापाऱ्याला जातो. घरी फुटकातुटका, चिकोरी घालून. आपल्या बागेची चव अशी असते, हे आज कळलं."

नाना ताडकन उभे राहिले. मला वाटलं, गेलं सगळं.

"बावळट आहे का हा माणूस? सगळ्यात चांगला माल लोकाले पाठवतो आणि सोता भुसा पितो? माह्या बापानं जन्मभर हेच केलं! चांगले घड ट्रकमध्ये, घरच्या पोरांले काळी पडेल केळी! मेला तवर एक चांगलं केळ सोता नाही खाल्लं त्यानं! आणि हा शहाणा मले पिशव्या पाठवतो! दोन-दोन वर्षं! माह्यासारख्या माणसाले! बावळट!"

ओरडता ओरडता त्यांच्या आवाजाचं काहीतरी झालं. ते खाली बसले. चैत्रानं वडिलांकडे वळून कानडीत सांगितलं. सावकाश, बराच वेळ. अप्पांचा चेहरा सैल होत गेला. त्यांनी हात पुढे करून नानांचं मनगट धरलं.

मी न राहवून विचारलं, "काय सांगितलंस गं?"

"मी सांगितलं, बाबा म्हणाले, त्या फोनवर माझी चूक झाली. तुम्ही जीव लावून पाठवलंत, मला ते कळलं नाही."

"असं कुठे म्हणाले ते? ते तर तुझ्या वडिलांना बावळट म्हणाले. दोनदा!"

"तेच म्हणाले ते, काका."

नानांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय न सोडणारा माणूस. पण या वेळी त्यांनी व्याह्याचा हात उताणा केला, आसाच्या चटक्यानं तळव्यावर फोड आला होता तो पाहिला, आणि अक्कांनी आणून दिलेली कोरफड त्यावर बोटानं लावत बसले.

"अजून काही सांगू का अप्पांना?" चैत्रानं विचारलं.

नानांनी मान वर केली नाही. इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"सांग," म्हणाले, "तुले बरं वाटीन ते सांग, बाई."