नेतृत्वाचा रकाना

कॉलेजात तिला सगळे ताई म्हणायचे. वयानं ती कुणाचीच ताई नव्हती. पण वर्गात पाय ठेवताच "तो पंखा कमी करा, ती खिडकी उघडा" असं फर्मावणाऱ्या मुलीला दुसरं म्हणणार तरी काय? तिनं एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्यानं निमूट बाजूला व्हावं, यातच शहाणपण होतं.

ऑनर्सच्या पदवीला नुसते मार्क पुरत नसत. अभ्यासाबरोबरच्या उपक्रमांचे तीन रकाने भरावे लागत: सेवा, कला आणि नेतृत्व. सेवेत वीस गुण हवे होते, ताईचे चौतीस झाले होते. कलेत नाटकाचा पडदा ओढून कसंबसं भागवलं होतं. नेतृत्वात मात्र भोपळा. तसं काम फार नव्हतं. एक कार्यक्रम घ्यायचा, दहा विद्यार्थी श्रोते जमवायचे आणि त्यांच्या सह्यांचा कागद शनिवारी पाचच्या आत ऑफिसात द्यायचा. तो कागद नाही, तर ऑनर्स नाही. आणि वडिलांनी तर अख्ख्या बिल्डिंगला आधीच सांगून ठेवलेलं.

"दहा माणसं जमवणं म्हणजे माझ्या हातचा मळ," त्या शनिवारी चपला घालताना ताई आईला म्हणाली.

"आधी जमव, मग मळ झटक," आई म्हणाली.

वडील दवाखान्यात कंपाउंडर. त्यांच्याकडून बँडेजच्या पट्ट्या आणि चिकटपट्टीची रिळं घेऊन ताई तीनच्या ठोक्याला नऊ नंबरच्या वर्गात हजर. कार्यक्रम: प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक. श्रोते: शून्य.

शेजारच्या वर्गात सुंदर हस्ताक्षराची कार्यशाळा होती. ती घेणारा चष्मेवाला फळ्यावर सुरेख 'स्वागत' लिहून एकटाच बसला होता. त्यापलीकडे तणावमुक्तीचं शिबिर. ते घेणारी मुलगी बाकावर डोकं टेकून रडत होती. ऑनर्सची मुलं एकूण अकरा, अकराही जणांचा नेतृत्वात भोपळा, आणि अकरा जणांनी कार्यक्रम ठेवला तो शेवटच्या दिवशी, तीन वाजता. सगळेच नवरदेव, वऱ्हाडी कुणीच नाही.

दुसरी असती तर हातपाय गाळून बसली असती. ताईनं सगळ्यांना दंडाला धरून नऊ नंबरात आणलं.

"अकरा कार्यक्रम, प्रत्येकी दहा मिनिटं. एकानं बोलायचं, दहांनी ऐकायचं. पाचला दहा कमी असताना सगळ्यांचे कागद एकदम भरायचे."

"आणि पहिला नंबर कुणाचा?" चष्मेवाल्यानं विचारलं.

ताई फळ्यापाशी पोचलीसुद्धा होती.

"मोडलेलं मनगट," तिनं सुरुवात केली. "नुसतं बघून काय कळणार? उजवे हात पुढे."

पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बँडेज, त्यावर चिकटपट्टीचे सात वेढे. बोटंही आत. बाहेर फक्त अंगठ्याचं टोक, नख निळं पडतंय का ते कळावं म्हणून. दहा मिनिटांत दहा मनगटं तिनं अशी बांधली, की खरंच मोडली असती तरी हलली नसती.

"आता हे सोडायचं कसं?" तणावमुक्तीवालीनं विचारलं.

"कात्रीनं."

"कात्री कुठंय?"

कात्री आईच्या शिवणाच्या डब्यात होती. "पुढचा कार्यक्रम," ताई म्हणाली. वेळ वाया घालवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

पुढचे कार्यक्रम झाले, नाही असं नाही. सुंदर हस्ताक्षरात सगळ्यांनी डाव्या हातानं कोंबडीचे पाय काढले. ताल शिकवणाऱ्यानं टाळ्या वाजवायला सांगितल्या, तेव्हा कुणीतरी गाद्या झोडपाव्यात तसा आवाज आला. तणावमुक्तीवाली म्हणाली, "हात सैल सोडा." कुणाचाच सुटेना.

पाचला दहा कमी असताना कागद पुढे आले आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पेन धरणार कोण? एकानं दातांनी चिकटपट्टी सोडवून पाहिली, तर तीच ओठाला चिकटली. चष्मेवाल्यानं डाव्या हातानं सही केली आणि स्वतःच म्हणाला, "हा मी नव्हे."

ताईनं कागद उलटसुलट करून पाहिला. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं: सही अथवा अंगठ्याचा ठसा.

"नियमात बसतं," ती म्हणाली, आणि लायब्ररीतून शिक्क्याचं शाईचं पॅड घेऊन आली. मोकळा उजवा हात तिचा एकटीचाच. तिनं अकराही कागदांवर सगळ्यांची नावं स्वतः लिहिली, इतरांच्या कागदांवर आपली सही ठोकली, नावांपुढे अंगठे उठवले आणि पाचला एक मिनिट कमी असताना अकरा कागद ऑफिसच्या खिडकीत सरकवले. मागे दहा जण धापा टाकत उभे होते.

ऑफिसातल्या बाईंनी कागद चाळले. एकाच हातानं लिहिलेली नावं आणि पुढे ओळीनं अंगठे. वर कार्यक्रमाचं नाव होतं, पण ते वाचायला बाईंचे डोळे कोरडे राहिलेच नव्हते.

"इतकी वर्षं या खिडकीत बसतेय गं," त्या पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "पण अंगठेबहाद्दरांना शिकवायला घेणारी तू पहिलीच."

"नाही हो बाई, हे सगळे आमच्या ऑनर्सचे..."

"कळलं गं. ऑनर्सच्या सगळ्यांनी मिळून केलंत. लाजायचं काय त्यात?" आणि बाईंनी अकरा कागदांवर अकरा शिक्के मारले. सेवा, सेवा, सेवा. "फक्त एक सांगू? एवढ्या हुशार तुम्ही, निदान सही तरी शिकवायची होती बिचाऱ्यांना."

घड्याळात पाच वाजले आणि खिडकी बंद झाली.

सेवेत ताईचे आता चव्वेचाळीस झाले होते. नेतृत्वात भोपळा होता तो होताच, आणि आता तो अकरा जणांचा पक्का झाला होता. ती सावकाश मागे वळली. दहा उजवे हात, पुठ्ठ्यासकट, हळूहळू वर होत होते.

"ताई," चष्मेवाल्यानं अगदी शांतपणे विचारलं, "आता पुढचा कार्यक्रम काय?"

ताई पळत सुटली. जिन्यावरून, गेटातून, भर रस्त्यातून ताई पुढे आणि दहाच्या दहा जण तिच्या मागे, एकही मागे राहिला नाही. नेतृत्व म्हणतात ते याहून निराळं काय असतं? पण त्याची नोंद घ्यायला खिडकी उघडी नव्हती.